मशरूम कोरलचा ‘खाऊ’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

मशरूम कोरल, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटँकमध्ये ठेवतात तो छत्रीसारखा दिसणारा समुद्री प्राणी, विकताना जो माणूस सोबत खाऊची बाटलीही घ्यायला लावतो आणि ‘हे रोज द्यावंच लागतं’ असं बजावतो, त्याच्याकडून कृपा करून काही घेऊ नका. माझे साडेनऊ हजार रुपये गेले आणि वर्षानुवर्षं सांभाळलेला टँक निम्मा रिकामा झाला. मिरजेतल्या एका कॉलेजच्या मुलाचे याच माणसाकडे याहून जास्त गेले. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते ते. ‘काकू, माझ्याच हातून मेले हो ते,’ असं तो फोनवर रडवेला होऊन सांगत होता. त्याच्या हातून काहीही मेलेलं नाही. ते मरणार हे विकणाऱ्याला डबा पाठवतानाच ठाऊक होतं, आणि दोष गिऱ्हाइकावर ढकलायची सोयही त्याने त्याच डब्यात घालून दिली होती.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. घरी तीन फुटी मरीन टँक आहे. आपल्याकडे खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे थोडे, त्यामुळे कोरल स्थानिक दुकानात जवळजवळ मिळत नाहीत. मुंबई, चेन्नई, बंगळूरकडच्या विक्रेत्यांना आधी पैसे पाठवायचे आणि पहाटे ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जाऊन थर्माकोलचा डबा उचलायचा, अशीच रीत पडली आहे. माल न पाहता पैसे द्यावे लागतात आणि फसवणारे नेमके या जागेवर टपून असतात.

हा विक्रेता बोलायला फार गोड. ‘ताई, कलर गॅरंटी. अख्ख्या महाराष्ट्रात असा पीस कुणाकडे नाही.’ त्याने दोन गुलाबी डिस्कोसोमा (मशरूमचा एक साधा, चपटा प्रकार) आणि एक ‘बाउन्स’ असे तीन मशरूम दाखवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाउन्स म्हणजे रोडॅक्टिस जातीचा असा मशरूम की ज्याच्या अंगावर फुगे फुगे येतात. परदेशात त्याला प्रचंड किंमत मिळते आणि म्हणून त्या नावाखाली वाट्टेल ते विकलं जातं. फोटो सगळे गडद निळ्या लाइटखाली काढलेले. निळ्या उजेडात साधा तपकिरी-हिरवा मशरूमसुद्धा पेटल्यासारखा चमकतो, कारण कोरलच्या पेशींत तो उजेड शोषून दुसऱ्या रंगात परत टाकणारी प्रथिनं असतात. ती चमक खरी असते, पण तिच्यावरून प्राणी निरोगी आहे की नाही हे कळत नाही.

डबा उघडला तेव्हा तिन्ही मशरूम एकाच छटेचे गुलाबी होते. तोंड, कडा, पाय, सगळीकडे तोच रंग. पिशवीतल्या पाण्यालाही किंचित गुलाबी झाक होती. मी लगेच विचारलं. उत्तर आलं, ‘प्रवासात स्ट्रेस आला की ते स्लाइम सोडतात ताई, थोडा रंग जातोच.’ मशरूम त्रासले की चिकट स्राव सोडतात, एवढं खरं. पण त्यांचा स्वतःचा रंग पेशींच्या आत असतो, तो पाण्यात उतरत नाही. पाणी असं गुलाबी झालं म्हणजे रंग बाहेरून दिलेला आहे.

मशरूम कोरल हा अ‍ॅनिमोनचा आणि दगडी प्रवाळाचा नातलग, पण चुन्याचा सांगाडा नसलेला प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतं. पाणी तापलं, खारटपणा एकदम बदलला किंवा प्रवासात हाल झाले की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्राणी काचेसारखा पांढरा पडतो. असा माल विक्रेत्याकडे आला तर त्याने तो कमी उजेडात ठेवून सावरेपर्यंत थांबावं, किंवा निदान खरं सांगून स्वस्तात द्यावा. इथे त्याला रंगात बुडवून दुर्मीळ म्हणून विकलं गेलं. रंगवलेले अ‍ॅनिमोन आणि कोरल विकण्याचा धंदा जगात बऱ्याच ठिकाणी चालतो, तो आता आपल्या ट्रॅव्हल्सच्या डिकीपर्यंत आला आहे.

आता बाटलीकडे येते, कारण खरी चलाखी तिथे आहे. कोरलच्या किमतीत एक बाटली ‘फ्री’ होती, पुढच्या प्रत्येक बाटलीला बाराशे रुपये. सूचना अशी की रोज रात्री वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) बंद करायचा, मशरूमवर कापलेली प्लास्टिकची बाटली उलटी ठेवायची, आत सिरिंजने खाऊ सोडायचा आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. ऐकायला हे अगदी शास्त्रशुद्ध वाटतं. कोरलवर झाकण ठेवून खायला घालायची पद्धत जाणकार खरोखर वापरतात. रोडॅक्टिस खादाड असतो, हेही खरं. प्रत्येक वाक्यात असा अर्धा खरेपणा ठेवलेला असल्यामुळे शंका घ्यायला जागाच राहत नाही.

त्या अर्ध्या तासात मशरूमला खाऊ कमी आणि रंग जास्त मिळत होता. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी बाटलीतला थेंब फिल्टर पेपरच्या पट्टीवर टाकला आणि पट्टीचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवलं. तपकिरी चोथा जागेवर राहिला, गुलाबी रंग सरसर वर चढला आणि त्याच्या मागे नारिंगी पट्टा वेगळा झाला. मिठाईत वापरतात तसला पाण्यात विरघळणारा रंग असावा, असं त्यांचं मत पडलं. म्हणजे उतरत चाललेला रंग मी रोज रात्री स्वतः पुन्हा चढवावा, अशी ती योजना होती. मी तयार केलेल्या ताज्या मिठाच्या पाण्यात तो खाऊ थोडा टाकून फॉस्फेटची (शेवाळाला खत ठरणाऱ्या घटकाची) टेस्ट केली, तर रंग तक्त्यातल्या शेवटच्या खुणेच्याही पुढे गेला.

टँकमध्ये काय झालं असेल याचा अंदाज यावरून येईल. नायट्रेट (खाणं कुजलं की पाण्यात वाढणारा घटक) १० च्या आसपास असायचं ते ५० च्या वर गेलं. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) भरून वाहू लागला, खडकांवर केसाळ शेवाळ चढलं, आणि एका सकाळी अमोनिया दिसला. मरीन टँकमध्ये तो शून्यच असायला हवा. क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. नवे तिन्ही मशरूम आधी पांढरे पडले, मग तपकिरी चिकटा होऊन विरघळून गेले. त्यांच्यासोबत माझे जुने, हिरव्या रेघांचे डिस्कोसोमाही गेले. एकाच मशरूमपासून पसरत पसरत त्यांनी अर्धा खडक व्यापला होता. त्यातले थोडे वाचले. त्या खडकाकडे बघितलं की अजून पोटात तुटतं.

पैसे परत मागितल्यावर पहिलं उत्तर आलं, ‘ताई, फीडिंग नीट झालं नाही.’ मिरजेच्या मुलाला हेच वाक्य, याच शब्दांत. बाटली कशासाठी असते ते इथे कळतं. कमी दिलं तर उपासमार केली, जास्त दिलं तर पाणी बिघडवलं, म्हणजे कोरल मेला की दोष गिऱ्हाइकाचाच.

मी चॅटचे स्क्रीनशॉट पाठवून तक्रारीची भाषा केली, तेव्हा सूर बदलला. ‘कोरल इल्लीगल असतात. कोरलच्या खाली मालवणचा लाइव्ह रॉक (समुद्रातून काढलेला जिवंत खडक) आहे. तक्रार केलीत तर वनखातं आधी तुमच्या दारात येईल.’ हे वाचून कुणीही घाबरेल. तो मुलगा याच धमकीमुळे गप्प बसला होता, म्हणून कायदा काय आहे ते नीट सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ (समुद्रातल्या प्रवाळभिंती) बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. मशरूम कोरल वेगळ्या गणातला असल्यामुळे या यादीत येत नाही. मात्र तो ज्या खडकावर चिकटून येतो तो खडक अनेकदा मेलेल्या दगडी प्रवाळाचाच तुकडा असतो, आणि मेलेलं प्रवाळ विकणं-बाळगणंही गुन्हाच आहे. म्हणून मशरूम घ्यायचाच तर सिरॅमिकच्या किंवा सिमेंटच्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) वाढवलेलाच मागा. खडकाचा तुकडा नकोच. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं प्रवाळ पाणी तापलं की आधीच पांढरं पडतं. कुणाच्या दिवाणखान्यातल्या टँकसाठी ते फोडलं जावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. ‘मालवणचा माल’ अशी जाहिरात करणाऱ्याला तिथेच थांबवा.

माझ्याकडे आलेला तुकडा आम्ही फोडून पाहिला. प्रवाळाच्या सांगाड्यात बारीक चांदणीसारखे खळगे असतात, ते कुठेच नव्हते. आत करडं सिमेंट आणि वरून दाबलेला शिंपल्यांचा चुरा. मालवणही खोटं आणि धमकीही पोकळ. असं न मुरवलेलं सिमेंट टँकमध्ये गेलं की पाण्याचा पीएच वर जातो, तेही नुकसान वेगळंच.

खरं पाहता मशरूमइतकं कमी मागणारं कोरल शोधून सापडणार नाही. पाणी २४ ते २६ अंश, खारटपणा (विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने) १.०२५ च्या आसपास, उजेड आणि प्रवाह दोन्ही मंद. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तापमान सांभाळणं हेच इथलं मोठं काम, त्यासाठी पंखे किंवा चिलर लागतो आणि उडालेलं पाणी मीठ न घातलेल्या आरओच्या पाण्याने रोज भरावं लागतं. डिस्कोसोमाला वेगळं काही खायला नाही दिलं तरी चालतं. माशांना घातलेल्या खाण्यातून पाण्यात जे उतरतं त्यावर आणि उजेडावर त्याचं भागतं. उलट पाणी अगदी निर्मळ, नायट्रेट शून्य ठेवलं की मशरूम आक्रसतात. रोडॅक्टिस किंवा रिकॉर्डियाला (हाही मशरूमचाच एक प्रकार) आठवड्यातून एखादवेळी द्यावंसं वाटलं तर मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवाचा) किंवा स्वच्छ धुतलेल्या ताज्या कोळंबीचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो. सुकट, सोडे नकोत. प्रवाह बंद करून ड्रॉपरने तुकडा अलगद तोंडाजवळ ठेवायचा. रोडॅक्टिस हळूहळू कडा वर उचलून बटव्यासारखा मिटतो आणि आत ते पचवतो. हे बघण्यात मोठा आनंद आहे. अर्ध्या तासात घेतलं नाही तर तुकडा काढून टाका, तसाच कुजू देऊ नका. एलिफंट इअर नावाचा मोठा मशरूम असा मिटून छोटा मासाही गिळतो, त्याला जपून ठेवा.

विकत घेताना फोटोवर जाऊ नका. पांढऱ्या लाइटखाली, त्याच दिवशी काढलेला व्हिडिओ मागा, बाजूला तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून. ज्याच्याकडे मशरूम खरोखर वाढतात त्याच्याकडे पिल्लं असतातच. मशरूम सरकताना पायाचा तुकडा मागे सोडतो आणि त्यातून नवा उगवतो. तेव्हा मूळ खडक आणि त्याच्या भोवतीची पिल्लं दाखवायला सांगा. रंग पायापासून तोंडापर्यंत एकसारखा असेल, एखादी रेघ, ठिपका, छटेचा फरक काहीच नसेल, तर नको म्हणा. डबा उघडताना थांबा न घेता सलग व्हिडिओ काढा आणि पिशवीतलं पाणी पांढऱ्या वाटीत ओतून त्याचाही रंग त्यात येऊ द्या.

ज्यांच्याकडे असा रंगवलेला मशरूम आधीच आला आहे आणि अजून जिवंत आहे, त्यांनी बाटली आजच बंद करावी, मशरूम सावलीच्या कोपऱ्यात मंद प्रवाहात ठेवावा, पाणी थोडं थोडं बदलत राहावं. पांढऱ्या पडलेल्या मशरूमला मायसिसचा अगदी बारीक तुकडा अधूनमधून मिळाला तर आधार होतो. अंगावर तपकिरी छटा परत आली तर शैवाल परत आलं असं समजा. दिसायला तो रंग साधा असेल, पण तीच चांगली खूण आहे.

पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेता परराज्यात असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी आणि त्या मुलाने सांगलीच्या आयोगात स्वतंत्र तक्रारी दिल्या आहेत. यूपीआयची नोंद, चॅट आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ आम्ही जोडला आहे. बिल त्याने कधी दिलंच नाही, पण तेवढ्यावरून अडू नका.

याच प्रकारची बाटली तुमच्याकडे असेल तर ती बेसिनमध्ये ओतू नका. लेबल न काढता, झाकणावर चिकटपट्टी लावून, तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवा. आमच्या दोन बाटल्या तशाच ठेवल्या आहेत.