शॉर्ट शिफ्टर म्हणून मला विकलेला कापलेला दांडा

जुन्या होंडा सिव्हिकला शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना हात कमी हलवावा लागतो असा गिअरचा दांडा, बसवायचा विचार असेल आणि विकणारा म्हणत असेल, "जुना शिफ्टर परत द्या, दीड हजार कमी करतो," तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला साडेनऊ हजारांना जी वस्तू विकली, ती शॉर्ट शिफ्टर म्हणून कुठल्याच कारखान्यात बनलेली नव्हती. कुठल्यातरी सिव्हिकचा मूळ गिअर लिव्हर मधूनच कापला, परत जोडला, काळा रंग मारला, वर एका नावाजलेल्या जपानी कंपनीचं नाव कोरलं आणि खोक्यात घालून पाठवला. पुढच्या गिऱ्हाइकासाठी कच्चा माल म्हणून मग माझाच लिव्हर मागितला.

माझी गाडी 2008 ची, 1.8 लिटर पेट्रोल, पाच गिअरची. ही सिव्हिक आपल्याकडे 2006 मध्ये आली आणि 2013 च्या सुमारास विक्रीतून गेली. आज तिचा एखादा सुटा भाग हवा असला की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत फोन फिरवत बसावं लागतं. गाडी जिवापाड सांभाळणारे लोक मात्र अजून भरपूर आहेत. मालाची टंचाई आणि गाडीवरचा जीव या दोन्हींच्या मधल्या फटीत हे विक्रेते बसलेले आहेत.

मला विकणाऱ्याने इन्स्टाग्रामवर पान उघडलं होतं. फोटो झकास, बोलणं गोड. "थ्रो 40 टक्के कमी, आणि गिअर लोण्यासारखा पडतो दादा." थ्रो म्हणजे गिअर टाकताना दांड्याची मूठ जेवढी सरकते ते अंतर. मी त्याला सरळ विचारलं, तुम्ही नुसती वरची दांडी छोटी करता की पिव्होटही, म्हणजे दांडा ज्यावर डुलतो तो टेकूही, बदलता? तो म्हणाला, पिव्होट बदललेला आहे, आणि मापांसकट ड्रॉइंग पाठवलं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे उद्यमनगरात घराघरातला कुणीतरी लेथवर उभा राहिलेला असतो, ड्रॉइंग वाचता येतं. ड्रॉइंगमधला हिशेब 40 टक्क्यांना तंतोतंत जुळत होता. म्हणून पैसे पाठवले.

तो हिशेब इथे मांडतो, कारण सगळी लबाडी त्यातच दडलेली होती. आकडे सोपे जावेत म्हणून ढोबळ करून घेतले आहेत.

गिअरचा दांडा पिव्होटवर डुलतो. पिव्होटच्या वरची बाजू आपल्या हातात असते, खालच्या टोकाला केबल अडकवलेली असते आणि ती केबल गिअरबॉक्सवरचा आर्म ओढते-ढकलते. पहारीने दगड उचलताना टेकू कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून असतं, तसंच इथेही. समजा पिव्होटच्या वर 240 मिलिमीटर आणि खाली 60 मिलिमीटर आहे. प्रमाण झालं 4 ला 1. गिअर पूर्ण पडायला केबल 15 मिलिमीटर सरकावी लागत असेल, तर नॉब, म्हणजे दांड्याची मूठ, 60 मिलिमीटर हलवावा लागेल. केबलचे ते 15 मिलिमीटर मात्र बदलत नाहीत, कारण ती गिअरबॉक्सची गरज आहे, आपल्या हौशीची नाही.

थ्रो कमी करायचे दोनच मार्ग आहेत. वरची बाजू छोटी करा किंवा खालची लांब करा. ड्रॉइंगमध्ये दोन्ही केलेलं होतं: वर 192, खाली 80. प्रमाण 2.4, नॉबचा प्रवास 36 मिलिमीटर. म्हणजे बरोबर 40 टक्के कमी. हातात आलेल्या वस्तूत वरची बाजू 192 होती, खालची मात्र जुनीच, 60. प्रमाण 3.2 आणि नॉबचा प्रवास 48 मिलिमीटर. 40 च्या जागी 20 टक्के. तेवढं तर कुठल्याही टर्नरकडे दांडा छोटा करून घेतला तरी शेदोनशे रुपयांत मिळतं.

यातली हुशारी लक्षात घ्या. वरचा भाग गाडीत बसल्यावर डोळ्यांना दिसतो. नॉब खाली आलेला दिसतो, थ्रो थोडा कमी झालेलाही जाणवतो, आणि माणसाला वाटतं की काम झालं. खालचा भाग कन्सोलच्या, म्हणजे दोन सीटांमधल्या प्लास्टिकच्या खोक्याच्या आत, केबलजवळ असतो. तिथे माप घ्यायला कोण जातं? दिसणारं अर्धं काम त्याने खरं करून दिलं होतं, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे खिशात घातले होते.

बसवून गाडी चालवली तेव्हा नॉब इतका खाली आला होता की तिसऱ्यातून दुसऱ्यात खेचताना मनगट कन्सोलच्या कडेवर घासायचं. दांड्याचा कोन आधीइतकाच होता, फक्त हात खाली गेला होता. पहिल्यातून दुसऱ्यात जरा घाईने टाकला की खरखर आवाज यायचा. ड्रॉइंगप्रमाणे माल असता तर निदान दांड्याचा कोन तरी कमी व्हायला हवा होता. मिस्त्रींनी परत कन्सोल उघडला, नवा लिव्हर काढला आणि जुना शेजारी ठेवला. जुना त्यांनी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता, म्हणून हे सगळं उघडकीला आलं.

दोन्ही घेऊन आम्ही उद्यमनगरात एका जुन्या टर्नरकाकांकडे गेलो. त्यांनी व्हर्निअर लावला. पिव्होटच्या खाली दोन्हीत काडीचा फरक नाही. मग प्लास्टिकचा बेस उलटा करून पाहिला. जिथे कंपनीचा शिक्का असतो, ती जागा कानशीने घासलेली होती. काकांनी दांड्याच्या मधोमध पॉलिश पेपर मारला. काळा रंग गेला आणि खाली वेल्डिंगचं कडं दिसलं. "ह्यो काय नवा माल न्हाई. होंडाचाच दांडा हाय, मदनं कापून चिकटवलाय," ते म्हणाले. मग त्यांनी जे दाखवलं त्याने मी खरोखर घाबरलो. दोन गज समोरासमोर जोडताना त्यांच्या कडा आधी तिरप्या घासाव्या लागतात, म्हणजे वेल्ड आतपर्यंत उतरतो. इथे कडा उतरवलेल्याच नव्हत्या. वरवर एक फेरा मारला होता आणि तोही ग्राइंडरने घासून सपाट केला होता, म्हणजे जो काही जोर होता तोही निघून गेला. आंबा घाटात चढावर मागे एसटी असताना दुसरा गिअर खेचला आणि नॉब हातात आला तर? पैशांची फसवणूक एकवेळ सोसता येते. माणूस अशी वस्तू दुसऱ्याच्या गाडीत बसवायला देतोच कसा, हा माझा खरा राग आहे.

आता त्या दीड हजारांच्या सवलतीचा अर्थ लागला. मूळ शिफ्टर बाजारात मिळत नाही. मग तो गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा, कापायचा, रंगवायचा आणि पुढच्याला विकायचा. त्या माणसाला माल विकत घ्यावाच लागत नाही. शिवाय जुना लिव्हर परत गेला की गिऱ्हाइकाकडे तुलना करायला काहीच उरत नाही. पुरावाही तोच घेऊन जातो, वर आपण त्याला कुरिअरचे पैसे देतो.

बिलाचीही गंमत नाही, सरळ लबाडीच होती. आधी म्हणाला, बिल नको असेल तर अजून कमी करतो. मी बिल मागितलं. आलेल्या कागदावर "कार ॲक्सेसरी, 1 नग" एवढंच, ब्रँडचं नाव नाही. दुकान पुण्याचं सांगितलं होतं, पण जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होत होता. या 15 अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27, आणि 07 दिल्लीचा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे की रद्द, हे कुणालाही फुकट पाहता येतं. मी पाहिलं, तर नाव वेगळंच आणि नोंदणी रद्द झालेली. पैसे पाठवण्याआधी बिलाचा नमुना मागवून हे तपासता येतं आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

विचारायला फोन केला तर आधी म्हणाला, "फिटिंग चुकलं असेल." मग, "थ्रो कमी झालाय की नाही, ते सांगा ना दादा." वेल्डचा फोटो पाठवला तेव्हा म्हणाला, तो डिझाइनचा भाग आहे. ग्राहक आयोगाचं नाव काढल्यावर सूर बदलला. अर्धे पैसे देतो, पण दोन्ही लिव्हर पाठवा. दोन्ही! मी नाही म्हणालो. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

तक्रारीचं थोडं नीट सांगतो, कारण पुष्कळ लोक "आता कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या" म्हणून सोडून देतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथून सुरुवात होते. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा दिल्लीत बसलेला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील हवाच असंही नाही. मुदत दोन वर्षांची. अर्ज ऑनलाइनही करता येतो. मी जोडलेल्या कागदांत सगळ्यात वजनदार ठरेल ते त्याने स्वतः पाठवलेलं ड्रॉइंग, कारण 80 च्या जागी 60 आलेत हे त्याच्याच कागदावरून दिसतं. म्हणून खरेदीआधी मापं लेखी मागवून घ्या, फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि खोकं उघडताना व्हिडिओ करा. यूपीआयने आपणच पाठवलेले पैसे बँक परत खेचून देईल या आशेवर मात्र बसू नका. फसवणूक लक्षात आल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करा, तेवढं हातात आहे.

आणि ते लोण्याचं. ज्या जाहिरातीत थ्रोही कमी आणि जोरही कमी असं लिहिलेलं असेल, ती तिथेच बाजूला ठेवा. अंतर कमी झालं की जोर त्याच प्रमाणात वाढणारच. ड्रॉइंगमधला 40 टक्क्यांचा शिफ्टर खरा असता तरी हाताला दीडपटीहून जास्त, साधारण 67 टक्के जादा जोर लागला असता. चांगले बनवणारे हे लपवत नाहीत, "गिअर थोडा कडक लागेल" असं स्वतःहून सांगतात. शिवाय शिफ्टर कितीही भारी असला तरी सिंक्रोला, म्हणजे गिअरबॉक्समध्ये वेग जुळवणाऱ्या भागाला, त्याचा वेळ द्यावाच लागतो. पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते, आणि तो जुळेपर्यंत दात आत शिरू देत नाही. थ्रो छोटा झाला म्हणून ती रिंग घाई करत नाही. दांडगाईने ढकललं तर तीच झिजते, आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च शिफ्टरच्या कितीतरी पट. रोज शहरात चालवायच्या गाडीला 40 टक्के कमी थ्रो मला तर नकोच वाटतो. 15-20 टक्के पुरे.

खरं सांगायचं तर माझ्या गिअरमधला सैलपणा गेला तो वेगळ्याच कामाने. मिस्त्रींनी मूळ लिव्हर परत बसवताना केबलच्या टोकांचे बुश दाखवले. रबर पार चेपलं होतं, दांडा हलायचा पण केबल उशिरा हलायची. बुश बदलले, गिअरबॉक्समध्ये होंडाचंच एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल, घातलं, आणि गिअर गेटमध्ये असा बसायला लागला की पहिल्या दिवशी मी उगाचच तीन-चार वेळा पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. तेलाच्या बाबतीत एवढंच, की कुणी जास्त भारी म्हणून जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल देत असेल तर घेऊ नका. त्यातली गंधकाची द्रव्यं पितळी सिंक्रोला बाधतात आणि ते इतकं बुळबुळीत असतं की रिंगला घासायला पकडच मिळत नाही. "गिअर लांब वाटतो" म्हणणाऱ्या निम्म्या गाड्यांचा आजार थ्रोचा नसून प्लेचा, म्हणजे सैलपणाचा असतो, असं आमच्या मिस्त्रींचं मत आहे आणि मला ते पटलंय.

दुसरी गाडी असेल तर मापं वेगळी, रचनाही वेगळी. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत शॉर्ट शिफ्ट किट लिव्हरला नसतंच, ते बॉनेटखाली गिअरबॉक्सवरच्या आर्मच्या जागी बसतं. प्रश्न मात्र तेच विचारायचे. पिव्होटच्या वर किती आणि खाली किती? माझ्या मूळ लिव्हरचं प्रमाण किती आणि तुमच्याचं किती? दांडा एकसंध आहे की जोडलेला? नॉबचा आटा कोणता? होंडाला एम10 बाय 1.5 लागतो, टोयोटाला एम12 बाय 1.25. खरा बनवणारा या प्रश्नांवर खूश होतो आणि जास्तच माहिती देतो. "दादा, तुम्ही फार डोकं लावताय" असं उत्तर आलं की फोन ठेवा.

माझी तक्रार दाखल आहे, तारखेची वाट पाहतोय. याच माणसाने फसवलेले सांगलीचे एक गृहस्थ मला सापडले. त्यांची अडचण माझ्यापेक्षा मोठी आहे. दीड हजारांसाठी त्यांनी मूळ लिव्हर पाठवून दिला होता. आता तो कापलेला तुकडाच त्यांच्या गाडीत आहे आणि तोच त्यांचा एकमेव पुरावाही आहे. काढून आयोगापुढे ठेवावा तर गाडी दारात उभी राहते. गाडीत ठेवावा तर तो वेल्ड. टर्नरकाकांनी तात्पुरतं त्यावर बाहेरून पाइपाची स्लीव्ह चढवून दिली आहे, जोडाचे फोटो आणि मापं आधी नीट घेऊन. पण तेही घाटात गाडी घालू नका असंच सांगतात. तुमच्याकडे किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये 2006 ते 2013 मधल्या मॅन्युअल सिव्हिकचा न कापलेला, मूळ शिफ्टर पडून असेल तर कळवा. ते रोख पैसे देऊन घ्यायला तयार आहेत, आणि आणायला मी जाईन.