शालेय मानसशास्त्रासाठी अमेरिकेत अर्ज : नॅस्पच्या अभ्यासक्रम-सूचीचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैपासून यंदाच्या एप्रिलपर्यंत मी अमेरिकेतील शालेय मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी अर्ज करत होते. या काळात ज्या साधनाचा मी सर्वाधिक वापर केला ते म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स, म्हणजे नॅस्प, या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक संघटनेच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांची सूची. मी मानसशास्त्रात एम.ए. केले असून सहा वर्षांपासून गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या भागात या विषयाची वाट चोखाळलेले कोणी मला भेटले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सूचीकडे वळण्याआधी मी एका शहरातील परदेशी शिक्षणाच्या सल्ला केंद्रात शुल्क भरले होते. त्यांनी दिलेल्या आठ विद्यापीठांच्या यादीत शालेय मानसशास्त्राचे अभ्यासक्रम फक्त दोन होते. उरलेल्यांपैकी काही शैक्षणिक मानसशास्त्राचे, तर काही शालेय समुपदेशनाचे होते. ही तीन नावे ऐकायला सख्ख्या बहिणींसारखी वाटतात, पण त्यांची कामे निराळी आहेत. शैक्षणिक मानसशास्त्र हे मुख्यतः माणूस कसा शिकतो यावरील संशोधनाचे क्षेत्र आहे आणि त्या पदवीने शाळेत मुलांच्या चाचण्या घेण्याचा परवाना मिळत नाही. शालेय समुपदेशक मुलांच्या भावनिक अडचणी, विषयांची निवड आणि पुढील शिक्षणाची दिशा पाहतो. शालेय मानसशास्त्रज्ञ मात्र मुलाचे मूल्यमापन करतो, त्याला विशेष शिक्षणाची गरज आहे का हे ठरवणाऱ्या गटात बसतो आणि शिक्षक व पालक यांच्यासोबत उपाययोजना आखतो. मला हेच काम करायचे होते. त्या यादीवर विसंबून राहिले असते तर दोन वर्षांनी, पदवी हातात आल्यावर, ही चूक उमगली असती.

नॅस्पच्या सूचीचा पहिला उपयोग इथेच झाला, कारण तिच्यात फक्त शालेय मानसशास्त्राचेच अभ्यासक्रम आहेत. राज्य आणि पदवीची पातळी निवडून शोध घेता येतो आणि अभ्यासक्रमाला नॅस्पची मान्यता आहे की नाही हे कळते. मान्यतेकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले आणि क्रमवारीच्या याद्या वाचत बसले. ते दोन महिने वाया गेले असे आता स्पष्ट वाटते. अमेरिकेत शाळेत काम करण्याचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यास प्रॅक्सिस ही या विषयाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर एनसीएसपी हे शालेय मानसशास्त्रज्ञाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग बराच सोपा होतो, आणि तीसहून अधिक राज्ये आपला परवाना देताना ते प्रमाणपत्र विचारात घेतात. क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठापेक्षा ही गोष्ट माझ्यासारखीला कितीतरी मोलाची आहे.

पदवीची पातळी निवडताना घाई करू नये. स्पेशालिस्ट पातळीचा, म्हणजे मास्टर्स आणि डॉक्टरेट यांच्या मधला, अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा असतो. नॅस्पच्या निकषांनुसार त्यात किमान ६० सेमिस्टर-तास (म्हणजे श्रेयांक) आणि १२०० तासांची इंटर्नशिप असते, व त्यांपैकी किमान ६०० तास शाळेत भरावे लागतात. डॉक्टरेटसाठी हेच आकडे ९० आणि १५०० आहेत. शाळेत काम करण्यासाठी स्पेशालिस्ट पातळी पुरते, हे कळल्यावर मी डॉक्टरेटचे तीन अर्ज रद्द केले.

सूचीने ज्या गोष्टी सांगणे अपेक्षितच नाही, त्या प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर जाऊन स्वतः तपासाव्या लागतात. आपली तीन वर्षांची बी.ए. चार वर्षांच्या पदवीसमान धरली जाईल का, हा त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न. काही ठिकाणी बी.ए. आणि एम.ए. मिळून चालते, तर काही ठिकाणी बाहेरच्या संस्थेकडून पदव्यांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा अनेक अभ्यासक्रमांनी वगळली आहे. ज्यांना ती हवी आहे त्यांच्यासाठी इतकेच सांगते की, सप्टेंबर २०२३ पासून ती जवळपास दोन तासांची झाली आहे. तिचे गुण पाच वर्षे चालतात, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे मात्र दोनच वर्षे.

माझा सर्वाधिक वेळ मूळ विद्यापीठाकडून गुणपत्रकांचा अधिकृत संच मिळवण्यात गेला. ऑगस्टमध्ये दिलेला अर्ज ऑक्टोबरपर्यंत हललाच नव्हता आणि दोनदा रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई गाठून मला खिडकीपाशी उभे राहावे लागले. अंतिम तारखा बहुतेक १ डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात, त्यामुळे ती धावपळ जिवावर आली. एका विद्यापीठाने तर आपली तारीख मधेच पंधरा दिवस अलीकडे आणली होती. ते वेळीच दिसले नसते तर तो अर्ज हुकलाच असता.

अर्जासोबतचे हेतुनिवेदन लिहिताना मी फार अडले. पहिल्या खर्ड्यात लहान मुलांविषयीची आपुलकी आणि समाजसेवेची ओढ अशी वाक्ये होती, जी कोणीही लिहिली असती. ती काढून मी सातवीतील एका विद्यार्थ्याविषयी लिहिले. तो मासेमारी करणाऱ्या घरातला. वहीवर तो ‘भरती’ हा शब्द ‘भतरी’ असा लिहायचा आणि जोडाक्षर आले की वाचन थांबवून खाली पाहायचा. एकदा शाळेच्या व्हरांड्यात मी त्याला सहज विचारले की, आज भरती केव्हा आहे. तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, “आज अष्टमी, बाई. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती.” तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची ही आपल्याकडची जुनी रीत त्याला वडिलांकडून मिळाली होती. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्याच मुलाला मंद म्हटले जात होते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तरीही त्याचे मूल्यमापन करून घ्यायला त्याच्या आईला एका दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याबाहेर जावे लागले, आणि तिथे घेतलेल्या चाचणीतील अनेक शब्द त्याने आयुष्यात कधी ऐकलेले नव्हते. मला हे शिक्षण का हवे आहे ते या एका परिच्छेदात आले, आणि पुढे तिन्ही मुलाखतींत प्रश्न याच परिच्छेदावर विचारले गेले.

मुलाखती फेब्रुवारीत ऑनलाइन झाल्या. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे अकरा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. आमच्या वाडीत रेंजचा भरवसा नसल्याने मी शृंगारतळीला आत्याकडे जाऊन बसत असे. एका प्राध्यापिकेने विचारले की, त्या मुलाच्या भाषेत प्रमाणित चाचणी उपलब्धच नसेल तर अक्षमता आहे की शिकवणे कमी पडले, हे मी कसे ठरवीन. इथे अमेरिकेचा कायदा वाचलेला कामी आला. आयडिया या तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्याने २००४ च्या सुधारणेत बुद्ध्यांक आणि शालेय प्रगती यांतील मोठी तफावत ही सक्तीची अट ठेवण्यास राज्यांना मनाई केली आणि पद्धतशीर शिकवल्यावर मूल कसा प्रतिसाद देते हे पाहण्याची वाट खुली केली. मी आठ आठवडे त्या मुलाला रोज वीस मिनिटे जोडाक्षरे शिकवली होती आणि दर शुक्रवारी एका मिनिटात त्याने अचूक वाचलेल्या शब्दांची नोंद ठेवली होती. ती वही मी कॅमेऱ्यासमोर धरली. त्यानंतर संभाषणाचा सूरच बदलला.

सहा अर्जांपैकी तीन ठिकाणी मुलाखत झाली, एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत नाव आले आणि एका मान्यताप्राप्त स्पेशालिस्ट अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. तिथे पहिल्या वर्षासाठी अंशतः सहायकवृत्ती, म्हणजे विभागातील कामाच्या बदल्यात मिळणारी आर्थिक मदत, आहे. उरलेल्या रकमेची जुळवाजुळव सुरू आहे आणि ती पूर्ण झाल्याखेरीज मी व्हिसाची तारीख घेणार नाही. आर्थिक मदतीविषयी मी प्रत्येक विभागाला थेट पत्र लिहून विचारले होते. परदेशी विद्यार्थ्यांना सहायकवृत्ती मिळते का, याचे उत्तर चार विभागांनी दिले, आणि दोन नकार अर्ज भरण्याआधीच आल्यामुळे त्या दोन अर्जांचे शुल्क वाचले.

यंदा अर्ज करणाऱ्यांनी गुणपत्रकांसाठीचा अर्ज जूनमध्येच, गणपतीच्या गर्दीपूर्वी द्यावा, आणि शाळेत काम करत असाल तर मुलांच्या नोंदींची वही आजपासून ठेवावी. माझी वही आता त्याच शाळेतील माझ्या सहकारी बाईंकडे आहे. मुलगा आठवीत गेला आहे आणि शुक्रवारचे वाचन त्या घेतात.