चार ‘नवे’ इंजेक्टर आणि एक चिमटलेली रबरी रिंग

गेल्या मार्चमध्ये नागपूरच्या वर्धा रोडवर, जामठ्याच्या थोडे अलीकडे, माझी गाडी चालता चालता बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर आई बसलेली होती आणि आरशात मागून येणारा ट्रक दिसत होता. इंजिन बंद झाले की स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही इंजिनावरच चालत असल्यामुळे दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल लाकडासारखे कडक होते, हे त्या दिवशी पायाला कळले. गाडी कशीबशी कडेला घेतली. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर ती काही झालेच नाही अशी सुरू झाली.

गाडी २०१२ची आहे, कॉमन रेल डिझेल, १,३८,००० किलोमीटर चाललेली. मनीष नगरहून बुटीबोरीला रोजचे जाणे-येणे तिच्यावरच असल्याने मी दुसऱ्याच दिवशी ती माझ्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. जानेवारीची सर्व्हिसिंग तिथेच झाली होती आणि तेव्हाच डिझेल फिल्टर बदलला होता. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला. त्या वेळी मात्र तो ना त्यांनी विचारला, ना मला सुचला.

तिथे स्कॅनर लावला गेला आणि पी ००८७ हा कोड मला पडद्यावर दाखवण्यात आला. या कोडचा अर्थ एवढाच की रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, डिझेलचा दाब हवा त्यापेक्षा कमी पडतो आहे. तो का कमी पडतो, हे कोड सांगत नाही. फिल्टर चोंदलेला असू शकतो, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या बाजूने हवा शिरत असू शकते, दाबाचा सेन्सर किंवा पंपावरचा व्हॉल्व्ह बिघडलेला असू शकतो, किंवा इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर (गॅरेजच्या भाषेत नोझल) जास्त डिझेल परत सोडत असू शकतात. मला मात्र ठामपणे सांगण्यात आले, “चारही नोझल गेले आहेत, स्कॅनरच सांगतो आहे.” माझी फसवणूक या एका वाक्यात झाली, कारण यंत्राच्या पडद्यावर दिसले ते खरे मानण्याची आपल्याला सवय आहे. व्हॉट्सॲपवर अंदाजपत्रक आले, ‘४ नवीन इंजेक्टर, फिटिंगसह ५८,४०० रुपये’, आणि मी होकार दिला. चार दिवसांनी गाडी मिळाली. जुने इंजेक्टर मागितले तेव्हा ते ‘एक्स्चेंजमध्ये कंपनीला गेले’ असे उत्तर मिळाले. पक्के बिल नंतर देतो म्हणाले, ते आजपर्यंत आलेले नाही.

गाडी घेऊन निघालो तो थेट पंपावर गेलो आणि टाकी फुल केली. पुढचे अकरा दिवस ती उत्तम चालली. बाराव्या दिवशी, काटा पावच्या खाली आलेला असताना, मेडिकल चौकात सिग्नलवर ती पुन्हा बंद पडली. आधी दोन हिसके, मग शांत.

गॅरेजवाल्यांनी या वेळी ‘आता पंपही काढावा लागेल’ म्हणून आणखी पस्तीस हजारांचा आकडा सांगितला. तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याने मला सक्करदऱ्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेले. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी जे प्रश्न विचारले, ते मला आधी कोणीही विचारले नव्हते. बंद पडताना टाकीत डिझेल किती असते? एकदम बंद पडते की हिसके देऊन? पुन्हा सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का? सकाळी रात्रभर उभी राहिल्यावर सेल्फ जास्त मारावा लागतो का? त्यांनी समजावले की इंजिनाचे फिरणे मोजणारा क्रँक सेन्सर गरम होऊन दगा देत असेल, तर इंजिन बहुधा हिसका न देता एका क्षणात बंद होते, काटा शून्यावर पडतो आणि सेल्फ मारतानाही हलत नाही. गार झाल्यावर गाडी पुन्हा चालू होते. नागपूरच्या उन्हाळ्यात हा दोष पुष्कळदा दिसतो. माझ्या गाडीत मात्र काटा हलत होता, हिसके बसत होते, आणि टाकी रिकामी होत आली की त्रास वाढत होता. “हे एअर घेते आहे भाऊ,” ते म्हणाले. ज्या गाडीत टाकीच्या आत विजेचा पंप नसतो, तिथे इंजिनावरचा पंपच टाकीपासून डिझेल ओढून आणतो. त्या ओढीच्या वाटेत बारीक फट असेल तर बाहेर डिझेल गळत नाही, उलट आत हवा शिरते, आणि टाकीतली पातळी खाली गेली की ओढ वाढून हवाही वाढते. माझी फुल टाकी अकरा दिवस दोष झाकून बसली होती.

मग त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू ठेवले. पिवळसर डिझेलमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकताना मी डोळ्यांनी पाहिले. तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला जोडली, तेव्हा डिझेल स्वच्छ वाहू लागले. म्हणजे दोष फिल्टरच्याच जागी होता. फिल्टर उघडला तर त्याची रबरी रिंग खाचेत न बसता कडेवर चिमटून बसलेली होती आणि तिच्यावर नखाने दाबल्यासारखा चपटा, अर्धवट चिरलेला डाग होता. जानेवारीत फिल्टर बसवताना झालेली ही चूक. ती मुद्दाम केली असे मी म्हणणार नाही. पण तिची किंमत माझ्याकडून वसूल झाली. नवा फिल्टर, रिंग आणि मजुरी मिळून ९५० रुपये लागले. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही, अगदी डिझेल संपत आल्याचा लाल दिवा लागलेला असतानाही.

मिस्त्रींनी इंजेक्टरांचे परतीचे डिझेल चार लहान बाटल्यांत धरूनही दाखवले. चारही बाटल्यांत जवळपास सारखीच पातळी भरली, म्हणजे कोणताही एक इंजेक्टर इतरांपेक्षा जास्त डिझेल परत सोडत नव्हता. एखादी बाटली इतरांपेक्षा भराभर भरली असती, तर त्या इंजेक्टरवर संशय घेता आला असता. अर्ध्या तासाची ही चाचणी न करता जो कोणी नोझल बदला म्हणतो, त्याच्यावर माझा यापुढे विश्वास बसणार नाही.

खरा धक्का त्यानंतर बसला. २०१८मध्ये मी हे इंजेक्टर एका पंप-नोझलच्या दुकानात दुरुस्त करून घेतले होते, आणि क्रम चुकू नये म्हणून तिथल्या कारागिराने माझ्यासमोर प्रत्येकावर १ ते ४ आकडे कोरले होते. वरचे आवरण काढून टॉर्च धरला तर तेच आकडे तिथे होते, किंचित तिरपा ३ सुद्धा. प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही २०१८च्या पावतीवर लिहिलेल्या कोडशी तंतोतंत जुळला. ५८,४०० रुपयांत माझेच इंजेक्टर पुसून मला परत विकले गेले होते.

गॅरेजमध्ये जाऊन हे दाखवल्यावर आधी आवाज चढला, मग वीस हजार घेऊन विषय संपवण्याची विनंती झाली. ती मी नाकारली. जुनी किंवा दुरुस्त वस्तू नवी म्हणून विकणे आणि बिल न देणे, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नमूद आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी प्रथम तक्रार नोंदवली आणि तिथून तोडगा न निघाल्याने जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेलो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पक्के बिल नसल्याने माझी बाजू लंगडी पडेल अशी भीती होती. म्हणून व्हॉट्सॲपवरचे अंदाजपत्रक, यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, २०१८ची पावती, कोरलेल्या आकड्यांची छायाचित्रे आणि त्या मिस्त्रींचे सही केलेले निवेदन मी तक्रारीला जोडले आहे.