पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं: आधी स्कॅनर की कॉम्प्रेशन गेज?

घाटात दुसऱ्या गिअरवर रडणारी, लिटरला 18 वरून 12 वर आलेली जुनी पेट्रोल गाडी गॅरेजात नेली, की हल्ली पोरगा आधी स्कॅनर जोडतो, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र. कार्बोरेटरवाल्या मारुती 800 ला तो जोडणार कुठे? तिथे गेजच, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर.

इंजेक्शनच्या गाडीत मात्र स्कॅनर दोन मिनिटांत पुष्कळ सांगतो. कूलंटचा सेन्सर बिघडला, तर इंजिन तापलेलं असूनही ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते थंडच वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा पाहिला की चोर सापडतो. पण ऑक्सिजन सेन्सरचा कोड (बिघाडाचा क्रमांक) आला म्हणून लगेच सेन्सर बदलायचा, ही घाई. एक्झॉस्टच्या गळतीनेही तो कोड येऊ शकतो.

गेजचं काम खटपटीचं. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन तोडा, एकेका सिलिंडरच्या प्लगच्या जागी गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. एखाद्या सिलिंडरचा आकडा पडलेला दिसला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर संशय व्हॉल्व्हवर, नाहीतर हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील). स्कॅनर इथे फार तर ‘मिसफायर’ (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) म्हणून गप्प बसतो.

माझा कल स्कॅनरकडे, पण लाखावर किलोमीटर झाले असतील तर गेजही लावाच. आणि त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये सपाटीवर हाताने ढकलून बघा. चिकटलेला ब्रेक दोघांनाही दिसत नाही.