सांगलीत मृत्युपत्र करून घेतलं, त्याचा अनुभव (पाचपैकी चार तारे)

एक तारा जिन्यापायी गेला, ते शेवटी सांगते.

मी 34 वर्षं पोस्टात काउंटरवर काढली. बचतपत्र असो की मुदत ठेव, "नॉमिनीचं नाव लिहिलंत का?" हे विचारून विचारून तोंड दुखायचं. त्यामुळे नॉमिनी लिहिला की पुढची काळजी मिटली, अशी माझी पक्की समजूत. वकीलबाईंनी ती पहिल्या दहा मिनिटांतच मोडून काढली. नॉमिनीच्या हातात पैसे पडतात, पण म्हणून तो मालक होत नाही. मालकी वारसांची, नाहीतर मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याची. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलंय म्हणे. काउंटरवर इतक्या जणांना मी काय काय सांगून बसले असेन, या विचाराने त्या रात्री झोप नाही.

त्याआधी एक शहाणपणा करून झाला होता. एका टायपिस्टकडून 500 रुपयांत छापील साच्यातलं मृत्युपत्र करून आणलं होतं. साक्षीदार त्याच्याच दुकानातली दोन पोरं. बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "काकू, तुम्ही सही केलीत तेव्हा दोघं समोर होते?" एक होता, दुसरा चहा आणायला गेला होता. "तो आल्यावर 'ही माझी सही' असं तुम्ही त्याला सांगितलंत?" कुठलं सांगतेय! त्याने येऊन चहाचा ट्रे ठेवला आणि बोट दाखवलं तिथे सही ठोकली. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने आपली सही बघितलेली हवी, नाहीतर ती आपली असल्याचं आपल्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि मग त्याने आपल्यासमोर सही करायची. माझा कागद त्या चहातच बुडाला.

पहिल्या बैठकीत बाईंनी फक्त प्रश्न विचारले. मी म्हटलं, सोनं लेकीला. "कोणतं सोनं?" पाटल्या. "किती? वजन?" दुसऱ्या दिवशी सराफाकडे जाऊन वजन करून आणलं. मोहनमाळ मी सुनेला द्यायची म्हणते, हे त्या सोन्याच्या गडबडीत माझ्याच तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं. माहेरच्या जमिनीत भावांबरोबर माझं नाव आहे, त्याचा ताजा सातबारा मागवला. एक कलम मला सुचलंच नसतं: ज्याचा उल्लेख राहून गेला किंवा जे पुढे मिळेल, ते उर्वरित कोणाला?

आणि एक प्रश्न असा की मी गप्पच झाले. "मुलगी तुमच्या आधी गेली, तर तिचा हिस्सा कोणाला?" बाईंनी घाई केली नाही. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि फाइल चाळत बसल्या. नातवाचं नाव मी खूप वेळाने सांगितलं.

साक्षीला मी मैत्रिणीला नेणार होते, ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाई म्हणाल्या, साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान बघा, वाद झालाच तर कोर्टात उभं राहायला कोणीतरी असायला हवं. ज्यांना काही मिळणार आहे तेही नकोत. मैत्रीण दोन आठवडे रुसली होती. शेवटी शेजारचा मुलगा आणि आमचे डॉक्टर आले. प्रकृती ठीक असल्याचा दाखलाही डॉक्टरांनी त्याच दिवशी दिला.

कच्च्या मसुद्यात जमिनीच्या गट नंबराचे दोन आकडे उलटे पडले होते. पासबुकं तपासण्यात जन्म गेलाय, म्हणून मला दिसले. बाईंनी लगेच माफी मागून दुरुस्त केले, पण तुम्हीही स्वतः आकडा न् आकडा ताडून बघा.

स्टॅम्पपेपर लागला नाही, साध्या कागदावरच झालं. नोंदणी सक्तीची नाही, तरी केली. मुद्रांक शुल्क शून्य, नोंदणी फी 100 रुपये, वर पानांचा किरकोळ खर्च. दुय्यम निबंधक कार्यालयात माझा अंगठाच उमटेना. आयुष्यभर शिक्के मारून आणि पुढे भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे! चौथ्या खेपेला यंत्राने एकदाचा घेतला. वकिलांची फी 7,000, आधी सांगितली तेवढीच घेतली.

मन बदललं तर पुरवणी जोडता येते किंवा नवीन करता येतं, शेवटचं केलेलं तेच धरतात. सुनेला हे कळल्यापासून चहा जरा जास्तच गोड येतोय.

आता तो जिना. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करा. बाई खाली येतात आणि रिक्षात बसल्या बसल्या कागद वाचून दाखवतात. मला हे तिसऱ्या खेपेला कळलं.