धान्याआधी ड्रग टेस्ट: एका अटीचं परीक्षण

“ट्रक चालवायचा तर कपात लघवी द्यावी लागते, मग सरकारी पैशावर किराणा भरणाऱ्यानं ती का देऊ नये?” अमेरिकेत हा प्रश्न वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या राज्याच्या विधानसभेत येत राहतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून उपदेश करण्याऐवजी आम्ही ही अट एखाद्या सेवेसारखी तपासली: ती नेमकं काय मोजते, पैसे किती खाते, कुठे चुकते आणि शेवटी अर्जदाराच्या हातात काय ठेवते. आमचं मत आधीच सांगून टाकतो. लॅबमधली तपासणी म्हणून ड्रग टेस्ट चांगली आहे. अन्नाच्या दारावर बसवली की ती आपलं काम करत नाही, आणि भलत्याच माणसाला उपाशी ठेवण्याचा धोका मात्र घेऊन येते.

आधी एक घोळ मिटवू, कारण अर्धा वाद त्यातूनच होतो. अमेरिकेत दोन वेगळ्या मदती आहेत. स्नॅप, म्हणजे जुने फूड स्टँप, हे फक्त खाण्यासाठी असतं. पैसे ईबीटी कार्डावर, म्हणजे डेबिट कार्डासारख्या सरकारी कार्डावर, येतात आणि त्यातून दारू, सिगारेट, साबण, औषधं किंवा गरम शिजवलेलं जेवण घेता येत नाही. 2025 च्या आर्थिक वर्षात चौघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त 975 डॉलर मिळत होते, एकट्याला 292. दुसरी मदत टॅनफ, गरजू कुटुंबांना मिळणारी रोख रक्कम. 1996 च्या कल्याण-सुधारणा कायद्यानं राज्यांना टॅनफसाठी ड्रग टेस्ट लावायची मुभा दिली. स्नॅपचं तसं नाही. तिथे पात्रतेचे नियम केंद्राचे, आणि राज्याला त्यात स्वतःची अट घुसडता येत नाही. जॉर्जियानं 2014 मध्ये फूड स्टँपसाठी चाचणीचा कायदा केला, तेव्हा केंद्रीय कृषी खात्यानं काही आठवड्यांत तो चालणार नाही असं कळवलं आणि कायदा कागदावरच राहिला. विस्कॉन्सिननं 2015 पासून हाच प्रयत्न केला, कोर्टातही गेलं, पण अट अमलात आणता आली नाही. त्यामुळे “फूड स्टँपवाल्यांची ड्रग टेस्ट” म्हणून जे आकडे फिरतात, ते बहुतेक टॅनफचे असतात.

आता प्रत्यक्ष चाचणी. नीट घेतली तर ती अशी होते. ओळखपत्र तपासतात, खिसे रिकामे करायला लावतात, कोट आणि पिशवी बाहेर ठेवायला सांगतात. संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो आणि नळ बंद असतो, म्हणजे नमुन्यात पाणी मिसळता येत नाही. केंद्राच्या पद्धतीत किमान 45 मिलिलिटर लघवी लागते: 30 पहिल्या बाटलीत, 15 दुसऱ्या बाटलीत राखून. नमुना हातात आल्यापासून 4 मिनिटांच्या आत त्याचं तापमान बघतात, ते 32 ते 38 अंश सेल्सिअसमध्ये हवं. मग झाकणावर सील, सीलवर देणाऱ्याची सही, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद. लॅबमध्ये क्रिएटिनिन बघतात, म्हणजे शरीरातून लघवीत नेहमी उतरणारा एक टाकाऊ पदार्थ. ते डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि विशिष्ट गुरुत्वही (पाण्याच्या तुलनेत लघवीचा दाटपणा) कमी असेल, तर नमुना पातळ ठरतो. इथे नवखा माणूस हमखास फसतो. घाबरून किंवा “लघवी होईल ना?” या काळजीनं तो घरून दीड-दोन लिटर पाणी पिऊन येतो आणि काही न करता संशयित होतो. लघवी झालीच नाही तर केंद्राच्या नियमात 3 तास थांबवतात आणि त्या वेळात सुमारे 1.2 लिटरपर्यंत पाणी देतात. तेवढं पुरतं. घरून जास्त पिऊन येऊ नये.

ही सगळी काटेकोर पद्धत ट्रकचालकांसाठी आणि केंद्र सरकारच्या नोकरांसाठी बंधनकारक आहे. मदत-कार्यालय ती तशीच पाळेल असं गृहीत धरता येत नाही. पैसे वाचवायचे तर पहिला फाटा दोन गोष्टींना मिळतो: राखीव बाटली आणि दुसऱ्या टप्प्याची पक्की तपासणी. नेमक्या याच दोन गोष्टींमुळे निर्दोष माणूस सुटतो.

पहिला टप्पा म्हणजे कपावरची किंवा लॅबमधली झटपट इम्युनोअसे तपासणी, म्हणजे प्रतिपिंडांनी पदार्थाचा अंदाज घेणारी. कपाच्या पट्ट्या उलट्या चालतात, हे कार्यालयातल्या कारकुनाला माहीत असतंच असं नाही. गर्भचाचणीत रेघ आली की ‘हो’. इथे त्या पदार्थाच्या जागी रेघ आली तर ‘नाही’, रेघ गायब झाली तर ‘हो’. फिकट, जेमतेम दिसणारी रेघसुद्धा ‘नाही’च. ती ‘थोडंसं घेतलेलं दिसतंय’ अशी वाचणं ही सरळ चूक आहे. पट्टी पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचायची, नंतर टेबलावर पडून राहिलेल्या पट्टीवर काय दिसतं त्याला अर्थ नाही. आणि नियंत्रण-रेघच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ) उमटली नाही, तर कप फेकून नवा घ्यायचा.

दुसरा टप्पा जीसी-एमएसचा, म्हणजे रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा. पहिली तपासणी रेणूचा आकार चाचपते, दुसरी रेणू ओळखते. गांजासाठी केंद्राची मर्यादा पहिल्या टप्प्यात एका मिलिलिटरमागे 50 नॅनोग्रॅम, दुसऱ्यात 15. कोकेनसाठी 150 आणि 100. पहिल्या टप्प्यावर थांबलं तर काय होतं याची यादी लांब आहे. उदासीनतेवरचं ब्युप्रोपियॉन आणि गरोदरपणात रक्तदाबासाठी देतात ते लॅबेटॅलॉल ॲम्फेटामिनसारखं, म्हणजे उत्तेजक नशेसारखं, दिसू शकतं. सर्दीचं स्यूडोएफेड्रिनही तसंच. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन पीसीपी, म्हणजे भास घडवणारा अमली पदार्थ, म्हणून दिसतं. पित्तावरच्या पँटोप्राझोलमुळे गांजाची खोटी खूण आल्याची नोंद आहे, आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकमुळे अफूची. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या काही नाक मोकळं करणाऱ्या इन्हेलरमध्ये मेथचाच (मेथॲम्फेटामिन या उत्तेजक नशेचा) आरशातला जोड रेणू असतो. तिथे तर साधं जीसी-एमएसही पुरत नाही, रेणू डाव्या हाताचा आहे की उजव्या, म्हणजे जोडीतला नेमका कोणता, ते वेगळं तपासावं लागतं.

मराठी घरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: खसखस. अनारशाला लावलेली, वाटणात घातलेली, खिरीतली. दाण्याच्या बाहेरच्या भागावर अफूच्या बोंडाचा चीक लागलेला असतो आणि लघवीत खरंखुरं मॉर्फिन उतरतं. म्हणून हे खोटं पॉझिटिव्हसुद्धा नव्हे. मॉर्फिन खरंच असतं, फक्त नशा नसते, आणि त्यामुळे जीसी-एमएसही वाचवत नाही. याच कारणानं केंद्रानं 1998 मध्ये अफूवर्गाची मर्यादा 300 वरून 2,000 नॅनोग्रॅमवर नेली. तरीही बाजारातल्या अनेक स्वस्त कपांवर आजही 300 चीच पट्टी असते. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानं सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं. चाचणी ठरलेली असेल तर तीन दिवस आधीपासून खसखस बंद ठेवावी आणि कपावर 300 लिहिलंय की 2,000, ते विचारावं.

आता मुख्य दोषाकडे. कोणता पदार्थ शरीरात किती दिवस दिसतो हे त्याच्या घातकपणावर ठरत नाही, तो चरबीत साठतो की नाही यावर ठरतं. कोकेन दोन-चार दिवसांत निघून जातं, मेथ आणि हेरॉईनही साधारण तेवढ्याच वेळात. गांजाचा अंश चरबीत मुरतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभर, कधी त्याहून जास्त दिसतो. फेंटानिल हे अफूसारखं काम करणारं कृत्रिम औषध, ज्यानं अमेरिकेत इतकी माणसं मेली, ते अफूच्या नेहमीच्या पट्टीवर दिसतच नाही, त्याला वेगळी पट्टी लागते. आणि दारू? पाच पदार्थांच्या नेहमीच्या चाचणीत दारू नाहीच. म्हणजे रोज बाटली रिचवणारा पास, तारीख बघून चार दिवस कळ काढणारा मेथवाला पास, आणि तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत गांजा ओढत असलेला नापास. व्यसन हा आजार आहे, तो वागण्यात आणि आयुष्यात दिसतो. एका दिवसाच्या कपभर लघवीत त्याचं मोजमाप नसतं.

हे सगळं आकड्यांत उतरलेलं आहे. मिशिगननं 1999 मध्ये काही भागांत प्रत्येक अर्जदाराची चाचणी सुरू केली आणि पाच आठवड्यांत कोर्टानं ती थांबवली. तोवर 268 जणांची चाचणी झाली होती. 21 पॉझिटिव्ह, त्यातले 18 फक्त गांजाचे. त्याच मिशिगनमध्ये 2018 च्या मतदानानं प्रौढांना गांजा कायदेशीर झाला.

फ्लोरिडाचा प्रयोग सगळ्यात मोठा. 1 जुलै 2011 पासून टॅनफच्या प्रत्येक अर्जदाराला स्वतःच्या खिशातून 25 ते 45 डॉलर भरून चाचणी करावी लागे. निकाल निगेटिव्ह आला की राज्य पैसे परत देई. ज्याच्याकडे महिनाअखेरीस दूध आणायला पैसे नाहीत, त्यानं आधी हे भरायचे. चार महिने पुरे व्हायच्या आत कोर्टाची स्थगिती आली. तोवर चार हजारांवर अर्जदारांतून 108 नापास झाले, 2.6 टक्के, बहुतेक गांजामुळे. परत दिलेली रक्कम 1,18,140 डॉलर. वाचवलेली मदत वजा केली तरी राज्याला 45,780 डॉलरचा तोटा, आणि त्यात वकिलांचा खर्च धरलेला नाही. नापास झालेल्याला एक वर्ष मदत बंद. उपचार घेतल्याचं दाखवलं तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज, पण उपचाराचा खर्च राज्य देणार नाही. मुलांचे पैसे चालू ठेवायचे तर दुसरा नातेवाईक पुढे करायचा, आणि त्याचीही चाचणी. उपचार ही या योजनेची जाहिरात होती, पण तिच्या अंदाजपत्रकात उपचाराला पैसाच नव्हता. आमच्या मते सगळ्यात मोठा दोष हाच.

युटानं जास्त शहाणपणानं केलं: आधी लेखी प्रश्नावली, संशय आला तरच चाचणी. तरीही पहिल्या वर्षात 30,000 डॉलरहून जास्त खर्च होऊन 12 जण पॉझिटिव्ह निघाले.

कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं. चाचणी म्हणजे अंगझडती, आणि संशयाशिवाय झडती घ्यायला खास कारण लागतं. रेल्वे-कर्मचाऱ्यांच्या चाचण्या 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केल्या, कारण गाडी रुळावरून घसरली तर माणसं मरतात. 1997 मध्ये त्याच न्यायालयानं जॉर्जियातल्या निवडणूक-उमेदवारांची चाचणी 8 विरुद्ध 1 मतांनी रद्द केली, कारण तिथे असा कोणताही धोका दाखवता आला नाही. फ्लोरिडाचा कायदाही याच कसोटीवर पडला, डिसेंबर 2014 मध्ये अपिलातही. ट्रकचालकाच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे. त्याच्या चाचणीमुळे रस्त्यावरचा दुसरा माणूस वाचतो. भाजी घेणाऱ्या आईच्या चाचणीमुळे कोण वाचतं? स्नॅपवरच्या दर दहा माणसांत चार लहान मुलं आहेत.

तरीही स्नॅपमध्ये चाचणी अजिबात नाही असं नाही. 1996 च्या त्याच कायद्यात अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना अन्नमदत आयुष्यभर बंद करणारं कलम आहे, आणि ते सैल करायचा किंवा काढून टाकायचा अधिकार राज्यांना आहे. बहुतेक राज्यांनी तो वापरला. काहींनी बंदी उठवताना चाचणीची किंवा उपचाराची अट ठेवली. अशा माणसाला बोलावणं आलं तर त्यानं चालू औषधांची यादी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या मूळ बाटल्या सोबत न्याव्यात. पहिला निकाल पॉझिटिव्ह आला तर कपावर सही करून गप्प घरी जाऊ नये. जीसी-एमएस आणि राखीव बाटलीची तपासणी त्याच दिवशी लेखी मागावी. मदत कापल्याची नोटीस आली की 90 दिवसांत सुनावणी मागता येते. पण खरी मुदत त्याहून लहान आहे. मदत प्रत्यक्ष कमी होण्याच्या तारखेआधी, म्हणजे बहुधा नोटिशीनंतर 10 दिवसांत मागितली, तर निकाल लागेपर्यंत कार्डावर पैसे येत राहतात. सुनावणीत हरलं तर ते परत करावे लागतात, हेही ध्यानात ठेवावं.

ज्यांना खरोखर व्यसन शोधायचं आहे, त्यांना त्याच कार्यालयात याहून स्वस्त साधन वापरता येतं. डास्ट-10 ही गेल्या 12 महिन्यांबद्दलच्या दहा हो-नाही प्रश्नांची यादी आहे. गुण 3 किंवा जास्त आले की माणसाला समुपदेशकाकडे पाठवायचं. मात्र ती खरी चालते तेव्हाच, जेव्हा उत्तराचा धान्याशी संबंध नाही हे आधी सांगितलेलं असतं. शिक्षेच्या भीतीनं भरलेली प्रश्नावली खोटीच भरली जाते, युटात पॉझिटिव्ह इतके कमी निघाले त्यात याचाही वाटा असणार.

आणि स्नॅपच्या नियमांत व्यसनातून उठणाऱ्यासाठी जागा आधीपासूनच आहे, तिची माहिती फार कमी लोकांना असते. व्यसनमुक्तीच्या उपचारात नियमित जाणाऱ्याला कामाच्या सर्वसाधारण अटीतून सूट मिळते. मान्यताप्राप्त ना-नफा व्यसनमुक्ती केंद्रात राहणाऱ्यालाही स्नॅप मिळतं. अर्ज ते केंद्रच त्याच्या वतीनं करतं आणि त्या पैशातून त्याचं जेवण शिजतं. तो महिन्याच्या 16 तारखेआधी केंद्र सोडून गेला, तर त्या महिन्याची निम्मी रक्कम त्या केंद्रानं त्याच्या कार्डावर परत द्यायची असते. निघताना ती मागून घ्यावी.