शिफ्ट लॉक सोलेनॉइड: पार्ट चांगलाय, पण मागवायच्या आधी ब्रेक लाइट बघा

चार स्टार. माझ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लिव्हर पार्कमध्ये (गाडी उभी करून ठेवायच्या जागी) अडकून बसायचा, ब्रेक दाबा, बटण दाबा, ढिम्म हलायचा नाही, हा सोलेनॉइड (विजेवर पिन ओढून लिव्हरचं लॉक सोडवणारी छोटी कॉइल) टाकला आणि विषय संपला. कंपनीचा ओरिजिनल नाहीये, बाहेरचा आहे, पण काम तेच करतो.

आता "पार्ट टाकला तरी गिअर निघत नाही, पैसे पाण्यात गेले" म्हणून याला शिव्या घालणारे पण आहेत. मला वाटतं त्यातल्या बऱ्याच जणांचा सोलेनॉइड मुळात गेलेलाच नसणार. इग्निशन ऑन करून ब्रेक पेडल दाबलं की पेडलच्या वरच्या अंगाला जो छोटा ब्रेक लाइट स्विच असतो तिथून सिग्नल निघतो, काही गाड्यांत तो कंट्रोल युनिटमधून फिरून येतो, मग लिव्हरखालचा सोलेनॉइड टक् करून लॉकची पिन ओढतो आणि लिव्हर मोकळा होतो. यात स्विच गेला, फ्यूज उडाला, वायर सुटली, बॅटरी पार बसली, काहीही झालं तरी लक्षण एकच दिसतं, गिअर अडकला. आणि नाव खराब होतं सोलेनॉइडचं.

त्यामुळे आधी फुकटातली तपासणी करा. कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे ब्रेक लाइट लागलेच नाहीत तर हा पार्ट मागवूच नका, आधी फ्यूज बघा, मग स्विच बघा. स्विच बहुतेक गाड्यांत थोडा फिरवून निघतो, सोलेनॉइडच्या मानाने किरकोळ काम आहे. आणि ब्रेक लाइट नाही म्हणजे मागच्या गाडीवाल्याला तुम्ही थांबताय हे कळतच नाही, गिअरपेक्षा ते जास्त डेंजर आहे, तेव्हा ते आजच करून टाका. बऱ्याच बटण स्टार्टवाल्या गाड्यांत स्विच गेला की गाडी नेहमीसारखी स्टार्टसुद्धा होत नाही, तेवढ्यावरूनही ओळखता येतं.

लाइट लागतायत? मग इंजिन बंद, इग्निशन ऑन, खिडक्या बंद, लिव्हरजवळ कान लावा आणि ब्रेक दाबा. टक् असा आवाज आला आणि तरीही लिव्हर हलत नाही, तर भानगड मेकॅनिकल आहे, आतलं प्लास्टिक तुटलंय किंवा कधीतरी सांडलेलं कोल्ड्रिंक सुकून चिकट झालंय. आवाजच नाही आला तरी लगेच ऑर्डर नका टाकू. टेस्ट लॅम्प किंवा मीटर घ्या, सोलेनॉइडच्या कनेक्टरवर ब्रेक दाबल्यावर १२ व्होल्ट येतायत का बघा. येत असतील आणि पिन ओढली जात नसेल तर सोलेनॉइड गेला. माझ्या जुन्याच्या कॉइलला मीटरवर कंटिन्युटीच नव्हती, म्हणजे आतली तारच तुटलेली, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. एक लक्षात ठेवा, काही स्विचमध्ये दोन वेगवेगळे सर्किट असतात, लाइटचं चालू आणि लॉकचं मेलेलं असंही होतं, म्हणून कनेक्टरवर मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

बसवणं अवघड नाही पण घाईचं काम नाही. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं युनिट लिव्हरभोवतीच्या याच कन्सोलखाली असतं, तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या. ट्रिम (वरचं प्लास्टिकचं कव्हर) काढायला प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे पडतात. जुना काढताना पिनवरची बारीक स्प्रिंग टुणकन उडते, खाली फडकं अंथरून ठेवा नाहीतर ती सीटखाली जाते आणि मग बसा शोधत.

पाचवा स्टार कापलाय तो कनेक्टरच्या क्लिपसाठी. जुना कनेक्टर खटकन बसायचा, हा बसल्यासारखा वाटतो आणि ओढला की हातात येतो, नीट शेवटपर्यंत दाबून, दोनदा ओढून खात्री करावी लागली. पिनच्या टोकाचं रबरही जरा कडक आहे त्यामुळे टक् चा आवाज आधीपेक्षा मोठा येतो, मला चालतं, कुणाला खटकेल. सोबत कागदाचा एक चिटोरा पण देत नाहीत.

पार्ट येईपर्यंत गाडी हलवायची असेल तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी शिफ्ट लॉकचं छोटं झाकण असतं. हॅण्डब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, झाकण काढून आत पातळ स्क्रू ड्रायव्हरने दाबा आणि लिव्हर न्यूट्रलला घ्या. जोर लावून लिव्हर हिसडू नका, केबलचं टोक तुटलं तर खर्च भलताच वाढतो. काही जण तर वैतागून ती पिनच कापून टाकतात. अरे बाबांनो, ब्रेकवर पाय नसताना पार्कमधून गिअर निघू नये म्हणूनच ती आहे, एखाद्या लहान पोराने लिव्हर ओढला तर? अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या पार्कवाल्या ऑटोमॅटिक कारला हे लॉक कायद्यानेच लागतं, उगाच नाही.

आणि तुमचा गिअर फक्त उतारावर उभी केल्यावरच अडकत असेल तर यातलं काहीच नको. हॅण्डब्रेक न ओढता सरळ पार्कला टाकलं की गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्सच्या आतल्या पार्किंगच्या खिट्टीवर येतं आणि ती दाबून बसते. अडकलीच तर कुणाकडून तरी गाडीला चढाच्या बाजूला किंचित रेटा द्यायला सांगा आणि तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर काढा. पुढच्या वेळी थांबल्यावर आधी न्यूट्रल, मग हॅण्डब्रेक, मग ब्रेकवरचा पाय हलका करून गाडी हॅण्डब्रेकवर टेकू द्या, परत ब्रेक दाबा आणि शेवटी पार्क.

लिव्हरच्या जागी गोल नॉब किंवा नुसती बटणं असलेल्या गाड्यांना हा पार्ट लागत नाही, तिथे सगळं इलेक्ट्रॉनिक असतं, स्कॅनर लावणाऱ्याकडेच जा. बाकी ऑर्डर टाकताना गाडीचं मॉडेल बघून समाधान मानू नका, जुना काढून त्याच्यावरचा पार्ट नंबर आणि कनेक्टरच्या पिना जुळवून घ्या.